आगीचा बंब येण्यापूर्वी

आपल्या भाषेत 'बंब' हा शब्द दोन अगदी विरुद्ध स्वभावाच्या वस्तूंस लावला जातो, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. एक न्हाणीघरातील तांब्याचा बंब; त्याच्या पोटात विस्तव असतो आणि विस्तवाभोवती पाणी. दुसरा आगीचा बंब. त्याच्या पोटात पाणी असते आणि त्याच्याभोवती विस्तव. पोर्तुगीज भाषेत पंपास 'बोंबा' म्हणतात. त्यावरूनच हा शब्द आपल्याकडे आला असे मानतात. आजच्या भाषणाचा विषय आहे तो दुसरा, म्हणजे आगीचा बंब.

रस्त्याने घंटा वाजवीत लाल गाडी धावू लागली की मुले खेळ टाकून पाहात राहतात आणि मोठी माणसे 'बंब निघाला, आता चिंता नाही' असे म्हणून आपल्या कामास लागतात. इतिहास मात्र निराळे सांगतो. बंब कितीही मोठा असला तरी तीन गोष्टी त्यास स्वतःबरोबर आणता येत नाहीत. पुरेसे पाणी, मोकळी वाट आणि वेळेवर मिळालेली वर्दी या त्या तीन गोष्टी होत. वर्दी म्हणजे आगीची खबर. अग्निशमन खात्यातला हा नित्याचा शब्द आहे.

महाभारतातील लाक्षागृहाची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. विदुराने पांडवांस सूचना आधीच दिली होती आणि त्याने धाडलेल्या खनकाने भुयारही आधीच खणून ठेवले होते. म्हणून पाण्याचा एक थेंबही न लागता कुंती व तिचे पाच पुत्र वाचले. परंतु त्याच रात्री त्याच घरात निजलेली निषाद स्त्री आणि तिचे पाच पुत्र जळून गेले. त्यांस कोणी सूचना दिली नव्हती, आणि भुयाराची वाटही दाखविली नव्हती. आगीच्या साऱ्या इतिहासाचे मर्म या एका कथेत आले आहे.

आता पाण्याकडे वळू. आमचे अहमदनगर, ज्यास आज अहिल्यानगर म्हणतात, ते १४९० मध्ये मलिक अहमद निजामशहाने वसविले. कापूरवाडीसारख्या आसपासच्या गावांहून जमिनीखालच्या खापरी नळांनी पाणी आणून ते शहरातील हौदांत सोडण्याची निजामशाही योजना प्रसिद्ध आहे. ही योजना पिण्याच्या पाण्यासाठी व बागांसाठी होती, आगीसाठी नव्हे. तथापि ज्या गावात घरे सागवानी, छपरे वाळलेली आणि दिवा तेलाचा, त्या गावात हाकेच्या अंतरावर भरलेला हौद असणे हेच मोठे संरक्षण होते.

परंतु नुसते पाणी जवळ असूनही भागत नाही. पुण्यात कात्रजचे पाणी नळाने आणून हौदांत खेळविले होते, आणि तरीही १८२८ च्या फेब्रुवारीत शनिवारवाड्यास आग लागली ती कित्येक दिवस धुमसत राहिली. आज तेथे दगडी तट, दरवाजे आणि जोती उरली आहेत. वरचे लाकडी मजले, ज्यांत पेशवाईचा दरबार भरत असे, ते सर्व गेले. घागरी व पखाली यांचे पाणी वरच्या मजल्यावर पेटलेल्या तुळईपर्यंत पोहोचणार कसे? पाणी उंच व जोराने फेकणारे यंत्र हवे होते.

ते यंत्र युरोपात हळूहळू सिद्ध होत आले होते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आम्स्टरडॅमच्या यान व्हान डर हायडेन या चित्रकाराने चामड्याची लवचीक नळी बंबास जोडली, आणि पाणी थेट आगीच्या तोंडाशी नेता येऊ लागले. १८२९ मध्ये लंडनात ब्रेथवेट व एरिक्सन यांनी वाफेवर चालणारा बंब तयार केला. १८२४ मध्ये एडिंबरोत जेम्स ब्रेडवुड याने शिकविलेल्या माणसांचे शिस्तबद्ध दल उभारले. पुढे तोच लंडनच्या दलाचा प्रमुख झाला आणि १८६१ मध्ये टूली स्ट्रीटच्या आगीत भिंत अंगावर कोसळून मरण पावला. यंत्राइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व शिकविलेल्या माणसास आहे, हा त्याचा धडा जगाने उचलला.

मुंबईने आपला धडा १८०३ मध्ये घेतला. त्या वर्षी १७ फेब्रुवारीस किल्ल्याच्या आतल्या दाट वस्तीत आग लागून शहराचा मोठा भाग बेचिराख झाला. त्यानंतर किल्ल्याभोवतीचे मैदान अधिक मोकळे करण्यात आले आणि पुष्कळशी वस्ती किल्ल्याबाहेर सरकली. १८५५ मध्ये घोड्यांच्या बंबांचे दल पोलीस कमिशनरच्या हाताखाली सुरू झाले, १८८७ मध्ये ते नगरपालिकेकडे आले आणि १९०७ मध्ये मोटारीचा बंब आला. भायखळ्यास या दलाचे मुख्य ठाणे आहे. आज तेथील दलाजवळ ९० मीटर उंचीपर्यंत पोहोचणारी शिडीही आहे.

आता थोडा शाळेतला हिशेब करू. बंबाच्या टाकीत साडेचार हजार लिटर पाणी आहे असे धरा. एका तोटीतून मिनिटास साडेचारशे लिटर पाणी जाते असे धरा. दोन तोट्या सोडल्या तर टाकी किती वेळात रिकामी होईल? उत्तर पाच मिनिटे. सहाव्या मिनिटास विहीर, हौद, रस्त्यावरील हायड्रंट अथवा पाण्याचा टँकर जवळ नसेल तर लाखो रुपयांचे यंत्र आणि जिवावर उदार झालेली माणसे हात बांधून उभी राहतात. शिडीचेही तसेच आहे. शिडीची गाडी पाय रोवून उभी राहील एवढी जागा खाली नसेल तर तिची उंची कागदावरच राहते.

वाटेचे महत्त्व मुंबईस पुन्हा एकदा फार महाग पडून कळले. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील गोकुळ निवास या जुन्या इमारतीस आग लागली. सभोवती गजबजलेल्या अरुंद गल्ल्या. ती इमारत कोसळून अग्निशमन दलाचे चार वरिष्ठ अधिकारी प्राणास मुकले. त्यांत दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर हेही होते. किल्ल्याबाहेर पसरलेल्या वस्तीत पुन्हा तीच दाटी झाली होती.

आणि वर्दी? तिची कथा सर्वांत भयंकर आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज उभे होते. त्यात सुमारे चौदाशे टन दारूगोळा आणि कराचीहून चढविलेल्या कापसाच्या हजारो गासड्या होत्या. दुपारी धूर दिसला. बंब आले, माणसांनी शेकडो टन पाणी आत ओतले, परंतु आगीचे मूळ सापडेना. जहाज बुडवावे, बाहेर ओढून न्यावे, की जागीच विझवावे, यावर अधिकाऱ्यांचे एकमत होईना. या वादात अमोल वेळ गेला. शेजारच्या धक्क्यांवर तर नेहमीप्रमाणे कामे चालू होती. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसे मेली. अग्निशमन दलाची ६६ माणसे शेवटपर्यंत नळ्या हाती धरून होती. ती परत आली नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या माणसांच्या धैर्यात उणे काहीच नव्हते. उणे होते ते वेळेवर निर्णय घेणाऱ्यांत, आणि भोवतालच्या लोकांस सावध करण्यात.

हे सारे मुंबईचे, दूरचे, असे आम्हां नगरकरांस म्हणता येत नाही. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीजेचा दिवस. सकाळी आमच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली. तेथे कोविडचे रुग्ण होते. त्या दिवशी अकरा जण दगावले. प्राणवायूच्या नळीने खाटेशी बांधलेला रुग्ण उठून पळू शकत नाही, आणि बंद खोलीत विषारी धूर ज्वाळेच्या आधी माणसास गाठतो. अशा जागी बंब कितीही त्वरेने आला तरी पहिली काही मिनिटे त्याची नसतात. ती तेथे हजर असलेल्या माणसांची, उघड्या दाराची आणि आधी केलेल्या तयारीची असतात. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्यास दहा तान्ही बालके अशीच गेली होती.

कायदा या बाबतीत मुका नाही. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा २००६ चा असून तो ६ डिसेंबर २००८ पासून अमलात आहे. ज्या इमारतींस तो लागू आहे, त्यांच्या मालकाने अथवा ताबेदाराने बसविलेली साधने चालू स्थितीत आहेत असे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत द्यावयाचे असते. आपण राहतो त्या इमारतीचे असे प्रमाणपत्र कोणी मागितले आहे काय, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे.

तहान लागल्यावर विहीर खणू नये असे आपण मुलांस शिकवितो, आणि जिन्याखाली मात्र जुनी लाकडे, रद्दीचे गठ्ठे व दुचाक्या भरून ठेवतो. गच्चीच्या दारास कुलूप घालतो आणि किल्ली कोणाजवळ आहे ते कोणासच ठाऊक नसते. तेव्हा सण येण्यापूर्वी एकदा जिना मोकळा करावा, किल्ली ठरलेल्या खिळ्यास अडकवावी, आणि १०१ हा आकडा घरातील लहानात लहान मुलाकडून पाठ करवून घ्यावा. वर्दी देताना गाव, पेठ, जवळची खूण आणि आत कोणी अडकले आहे काय, एवढे शांतपणे सांगावयास शिकवावे. त्याच्याबरोबरच आपल्या घरी कामास येणारी बाई, रात्रीचा पहारेकरी, वरच्या मजल्यावरचा एकटा म्हातारा भाडेकरी, यांसही बाहेर पडण्याची वाट दाखवून ठेवावी. लाक्षागृहातील ती निषाद स्त्री आणि तिची पाच मुले यांचे ऋण फेडण्याचा आपल्या हाती एवढाच मार्ग आहे.