श्रवणभक्तीची पेठ आणि रॉकची छावणी

दक्षिण बेंगळुरूतील बसवनगुडी या वस्तीला ज्या मंदिरावरून नाव मिळाले, ते एकाच दगडातून कोरलेल्या सुमारे साडेचार मीटर उंचीच्या नंदीचे मंदिर शहराचा संस्थापक मानल्या जाणाऱ्या केंपेगौडाच्या काळातील, म्हणजे सोळाव्या शतकातील आहे. आजची रुंद रस्त्यांची, आखीव वस्ती मात्र बरीच अर्वाचीन असून 1898 मध्ये जुन्या पेठेत प्लेग पसरल्यावर दाटीतून बाहेर पडलेल्या कुटुंबांनी ती झपाट्याने भरली. काही मैलांवर, 1809 मध्ये उभारलेल्या ब्रिटिश छावणीभोवती, म्हणजे कँटोन्मेंटमध्ये, चर्च, इंग्रजी शाळा, लष्करी बँड आणि नृत्यगृहे यांचे दुसरेच गाव नांदत होते आणि 1949 पर्यंत या दोन भागांचा कारभारही वेगळा होता. रॉक हा छावणीचा वारसा आणि भक्तिसंगीत हा बसवनगुडीचा, अशी वाटणी या शहराविषयी बोलताना सहज केली जाते. ती सोयीची असली तरी अर्धीच खरी आहे.

आधी बसवनगुडीची बाजू पाहू. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे निरूपण करताना आरंभ श्रवणापासून केला, तो भागवताला धरूनच. बसवनगुडी आणि तिच्या लगतच्या भागात या श्रवणाला संस्थांचा भक्कम आधार मिळाला. शंकरपुरममधील शांकर मठ व माध्व परंपरेचा उत्तरादि मठ, 1905 मध्ये स्थापन झालेला बेंगळुरू गायन समाज, आणि शेजारच्या चामराजपेठेत 1939 पासून रामनवमीचा संगीतोत्सव भरवणारी श्रीरामसेवा मंडळी ही त्यांतील ठळक नावे होत. माध्व मठांमुळे हरिदासांची पदे, म्हणजे द्वैतमताच्या संतकवींनी कन्नडमध्ये रचलेली गेय भजने, घरोघरी पोहोचली. या हरिदासांतील अग्रणी पुरंदरदास (मृत्यू 1564) यांच्या पदांच्या अखेरीस ‘पुरंदर विठ्ठल’ ही नाममुद्रा येते, आणि हा विठ्ठल पंढरीचाच असल्यामुळे भीमसेन जोशी यांनी ‘अभंगवाणी’च्या जोडीने ‘दासवाणी’ गायली, तेव्हा मराठी श्रोत्याला ती परकी वाटण्याचे कारणच उरले नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा धागा राजकीय इतिहासातून येतो. 1638 मध्ये विजापूरच्या फौजांनी बेंगळुरू जिंकल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि त्यांचे पुत्र व्यंकोजी तथा एकोजी यांच्या दानाचा 1669 चा शिलालेख मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर मंदिरात आजही आहे. हेच एकोजी पुढे तंजावरला गेले आणि तेथे त्यांनी मराठा राज्य स्थापिले. त्या राज्यातच त्यागराज (1767–1847) यांनी आपल्या कृती, म्हणजे पल्लवी, अनुपल्लवी आणि चरण असे भाग असलेल्या बंदिस्त भक्तिरचना केल्या, तेथील भजनपद्धतीत नामदेव-तुकारामांचे अभंग रुजले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतर यांनी मराठी कीर्तनातील साकी, दिंडी, ओवी यांसारखे छंद हरिकथेत आणले. हरिकथा म्हणजे निरूपण, अभिनय आणि गायन यांनी एकट्याने रंगवायचे आख्यान. बसवनगुडीच्या मठांतून आणि मंडपांतून ऐकलेल्या हरिकथेत त्यामुळे मराठी कीर्तनाचा अंश आधीच मिसळलेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या वस्तीच्या ‘शुद्ध’ परंपरेविषयी थोडे सावधपणे बोलावे लागते.

या श्रवणाचे रूप बदलले ते ध्वनिमुद्रिकेने. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटांचे गाणे मावत असल्यामुळे ख्यालापासून अभंगापर्यंत सर्वांनाच अंग चोरावे लागे. 1948 मध्ये अमेरिकेत आलेल्या, मिनिटाला 33⅓ फेरे घेणाऱ्या दीर्घ मुद्रिकेने, म्हणजे एलपीने, ही मर्यादा वीस-बावीस मिनिटांपर्यंत नेली. 1963 मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांचे वेंकटेश सुप्रभातम याच आकारात निघाले आणि देवाला जागवण्याचा मंदिरातला विधी स्वयंपाकघरापर्यंत आला. चार वर्षांनी बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ आणि 1973 मध्ये पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ निघाला, तोही याच तबकडीवर. सुटी गाणी एकत्र बांधण्याऐवजी संपूर्ण मुद्रिका ही एकच रचना मानायची आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रम न मोडता ऐकायची, ही रॉक अल्बमची शिस्त तेथून दृढ झाली. वारकरी भजनात रूपाच्या अभंगापासून भैरवीपर्यंत ठरलेली वाट असते, तंजावरच्या भजनपद्धतीत आरंभीच्या तोडयमंगळापासून अखेरच्या मंगळापर्यंतचा क्रम बदलत नाही. अशा क्रमात वाढलेल्या कानाला अल्बमची शिस्त नवी वाटण्यासारखी नव्हती, नवे होते ते फक्त वाद्य आणि आवाजाची पातळी.

आशयाच्या बाजूनेही अंतर वाटते तेवढे नव्हते. रॉकचे एक मूळ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेल या समूहगायनात आहे, आणि 1970 मध्ये बीटल्समधील जॉर्ज हॅरिसनने ‘माय स्वीट लॉर्ड’ या गीतात ख्रिस्ती जयघोष आणि हरिनाम एकत्र आणले, ते त्या मुळाशी सुसंगतच होते. उलट बसवनगुडी म्हणजे केवळ श्रद्धाळूंची वस्ती, असेही नाही. येथील नॅशनल कॉलेजचे प्राचार्य राहिलेले एच. नरसिंहय्या यांनी 1962 मध्ये बेंगळुरू सायन्स फोरम सुरू केले आणि विद्यापीठाचे कुलगुरू असताना 1976 मध्ये चमत्कारांच्या तपासणीसाठी समिती नेमली. संशयही याच रस्त्यांवर वाढला.

छावणीच्या बाजूला पुढे रॉकचे अड्डे उभे राहिले. 1989 मध्ये सुरू झालेल्या ‘पेकोज’ या मद्यगृहात जुने रॉक कॅसेटवर वाजे, तर 1996 मध्ये ‘थर्मल अँड अ क्वार्टर’ हे पथक महाविद्यालयीन वर्तुळातून उभे राहिले. हे जग इंग्रजी शिकलेल्यांचे होते, जसे मठ आणि सभागृहांचे जग प्रामुख्याने उच्चवर्णीयांचे होते. श्रवणाची ही दोन्ही घरे आपापल्या परीने बंदिस्तच होती, आणि भक्तीच्या लोकशाहीचा गौरव करणाऱ्या लेखनात ही गोष्ट सहसा झाकली जाते. कार्तिकात बसवण्णाला, म्हणजे बसवनगुडीच्या नंदीला, भुईमुगाचे पहिले पीक वाहण्यासाठी भरणारी ‘कडलेकायी परिषे’ ही शेंगांची जत्रा मात्र खेड्यांतल्या शेतकऱ्यांची असे आणि आहे.

या कुंपणांना खरा छेद गेला तो शिशुनाळ शरीफ (1819–1889) यांच्या पदांनी. मुसलमान कुटुंबात जन्मून गोविंद भट्ट या ब्राह्मण गुरूचे शिष्य झालेल्या या कन्नड संतकवीची तत्त्वपदे संगीतकार सी. अश्वथ यांनी सुगम संगीतात, म्हणजे मराठी भावगीताच्या जवळच्या प्रकारात, बांधली आणि 1990 च्या ‘संत शिशुनाळ शरीफ’ या चित्रपटातून सर्वदूर पोहोचवली. बसवनगुडीलगतच्या एन. आर. कॉलनीतील कलाभवनाला आज अश्वथ यांचे नाव आहे. 2003 मध्ये रोलिंग स्टोन्स हे रॉक पथक ज्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेले, त्याच मैदानावर 2005 मध्ये अश्वथ यांच्या ‘कन्नडवे सत्य’ या कार्यक्रमाला प्रचंड जनसमुदाय लोटला. 2008 मध्ये गायक रघू दीक्षित यांच्या पहिल्या अल्बममध्ये शरीफांचे पद गिटार आणि ड्रमवर आले, तेव्हा त्याचा श्रोता आधीच घडलेला होता.

कर्नाटक संगीताच्या बाजूने रॉकशी जुळवून घेण्याचा प्रयत्न अधिक अवघड ठरला. 2003 मध्ये बेंगळुरूत स्थापन झालेल्या ‘अगम’ या पथकाने 2012 च्या ‘द इनर सेल्फ अवेकन्स’ या अल्बममध्ये त्यागराजांची हंसनादम रागातील ‘बंटुरीति कोलु’ ही कृती रॉकच्या साजात घेतली. येथील अडचण श्रद्धेची नसून स्वरांची आहे. कर्नाटक संगीतात स्वर स्थिर न राहता गमकाने, म्हणजे शेजारच्या स्वरांमधून घेतलेल्या आंदोलनाने, उभा राहतो, तर रॉकमधील कॉर्ड हा एकाच वेळी वाजणाऱ्या ठरावीक स्वरांचा पुंजका असल्यामुळे तो त्या आंदोलनाला मध्येच खिळवून टाकतो. गिटारची तार ओढून स्वर सरकवता येतो म्हणून ते वाद्य कसेबसे जुळवून घेते, मात्र कॉर्डचे प्रमाण वाढले की रागाचा तोल सुटतो. जाणकारांचा आक्षेप येथे रास्त आहे. परंतु वाद्याच्या विदेशीपणावर तो घेतला जातो तेव्हा मात्र लंगडा पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बाळुस्वामी दीक्षितर (1786–1859) यांनी युरोपीय व्हायोलिन आत्मसात केले, तेव्हा तेही कंपनी सरकारच्या बँडमधलेच वाद्य होते. त्यानंतर ते हनुवटीखालून काढून छाती आणि घोट्याच्या मध्ये टेकवले गेले, त्याच्या तारा षड्ज-पंचमात लावल्या गेल्या, आणि आज गायन समाजाच्या मंचावर त्याच्या साथीवाचून मैफल क्वचितच होते. गिटारच्या बाबतीत असा बदल सुरू झालेला दिसतो. ड्रम-संचाच्या बाबतीत तो अद्याप दिसत नाही, कारण मृदंगासारखा आपल्या षड्जात मिळवण्याजोगा स्वर त्यात नाही.