शिलालेखातला एक आकडा

अंबरनाथ स्थानकावर पूर्वेला उतरून रिक्षावाल्याला नुसतं ‘शिवमंदिर’ म्हटलं तरी पुरतं. तिथून जेमतेम दोन किलोमीटरवर, वालधुनी नदीच्या काठी काळ्या दगडाचं हे देऊळ उभं आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते, दर्शनाची रांग दूरवर जाते. एरवी आडवारी सकाळी गेलं, तर एकेका मूर्तीसमोर थांबत सावकाश प्रदक्षिणा घालता येते.

पांडवांनी एका रात्रीत देऊळ उभारलं, उजाडलं आणि शिखर अपुरं राहिलं, असं जुनी माणसं सांगत आली. इतिहासाचा दाखला मात्र उत्तरेकडच्या दारावर, तुळईच्या आतल्या अंगाला कोरलेला आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख वाचला तेव्हा त्यांना साल लागलं शक ७८२, म्हणजे इ.स. ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासला. पहिला आकडा सात नसून नऊ आहे, असं त्यांनी ठरवलं. शक ९८२, म्हणजे इ.स. १०६०. एका आकड्याने देऊळ दोनशे वर्षं अलीकडे आलं आणि लेखातला मामवाणि राजा म्हणजे उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातला मुम्मुणी, हेही कालगणनेत नीट बसलं. बांधकाम त्याचा थोरला भाऊ छित्तराज याच्या काळात सुरू झालं असावं, असं अभ्यासक मानतात.

देऊळ भूमिज शैलीचं आहे. शिखरावर उभ्या पट्ट्या आणि त्यांच्या मधल्या भागात चिमुकल्या शिखरांच्या ओळी, ही या शैलीची ओळख. वरचा भाग ढासळला असला तरी उरलेल्या शिखरावर त्या स्पष्ट दिसतात. सभामंडपातून गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. पिंडी जमिनीच्या पातळीखाली आहे. बाहेरच्या भिंतीवर गजासुराचा वध करणारा शिव आहे. विष्णू, शिव, ब्रह्मा आणि सूर्य यांना एकाच देहात आणणारी हरिहरपितामहार्काची मूर्तीही आहे. तिच्यापुढे घाई करू नये.

या कामाचं मोल मुंबई सरकारने लवकर ओळखलं. १८६८मध्ये जे. जे. कलाशाळेच्या मंडळींकडून देवळाची रेखाटनं करवून घेतली, शिल्पांचे साचे काढले.

साधारण या देवळाच्याच काळातली एक वास्तू आयर्लंडमध्ये आहे. कॅशेलच्या खडकावरचं ‘कॉरमॅकचं चॅपल’ मन्स्टरच्या राजाने ११२७मध्ये बांधायला घेतलं, ११३४मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. छपरासकट सगळं दगडी. वालुकाश्मात पाणी मुरून आतल्या भित्तिचित्रांना धोका निर्माण झाला, तेव्हा दगड वाळावा म्हणून संपूर्ण इमारत काही वर्षं आच्छादनाखाली ठेवली गेली. दगडाएवढीच भोवतालच्या ओलाव्याचीही काळजी घ्यावी लागते, हे तिथल्या लोकांनी मनावर घेतलं.

अंबरनाथला भोवताल म्हणजे वालधुनी. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित आले आणि १९४९मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. पाठोपाठ अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात कारखाने वाढले. या शहरांनी लाखोंना घर आणि काम दिलं, पण त्यांचं सांडपाणी नदीच्या वाट्याला आलं. उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. नदीला तसं कवच नाही. शिलाहारांनी जागा निवडली ती या पाण्याकाठची, त्यामुळे वालधुनी या वारशाचाच भाग आहे. प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्याचा एकही नाला तिच्यात येणार नाही, एवढी जबाबदारी काठच्या शहरांच्या पालिकांनी आणि कारखानदारांनी घ्यावी, आणि नागरिकांनी त्यांच्याकडे तसा आग्रह धरावा.