टोड लेनचं दुकान आणि आपला नोटीस बोर्ड

स्मरणिकेसाठी मी काहीतरी लिहावं असा आग्रह संपादक मंडळाने केला, तेव्हा "बँकेतल्या आठवणी लिहा" अशी सूचना बहुतेकांनी केली. पण रौप्यमहोत्सव आपल्या सोसायटीचा आहे, माझा नाही. म्हणून विचार केला की, ज्या गावातल्या ज्या दुकानामुळे आज आपण 'सहकारी' हा शब्द गेटवरच्या पाटीवर मिरवतो, त्या गावाची हकिगत सांगावी. पदवीला इतिहास विषय होता आणि पुढे सारा जन्म हिशेबाच्या वह्यांत गेला. या गोष्टीत दोन्ही आहेत.

गावाचं नाव रॉचडेल. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या उत्तरेला आहे. व्हिक्टोरिया राणी गादीवर येऊन सात वर्षं झाली होती, तेव्हाचा म्हणजे १८४४ सालचा हा काळ. वस्ती साधारण पंचवीस हजार, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी. मुख्य धंदा फ्लॅनेल विणण्याचा. मँचेस्टरहून रेल्वे येऊन पाचेक वर्षं झाली होती. गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहत होत्या आणि हातमागावर पोट असलेल्या विणकरांची मजुरी घसरत चालली होती.

अशा गावात बाजारहाट कसा चाले? मजुराला पगार आठवड्याला मिळे. तो हातात पडेपर्यंत मागची उधारी चढलेली असे. दुकानदार वहीत मांडून माल देई, आणि ज्याच्या वहीत आपलं नाव त्याला भाव विचारायची सोय नसते, हे आपल्याकडच्या वाण्याच्या दुकानातही आपण पाहिलेलं आहे. काही ठिकाणी तर गिरणीमालकाचंच दुकान असे आणि मजुरीच्या बदल्यात तिथला माल गळ्यात मारला जाई. ही पद्धत बंद करण्यासाठी १८३१ साली कायदा झाला, पण पळवाटा राहिल्याच.

दुसरी गोष्ट मापाची. आपल्या आज्या पायलीने धान्य मोजताना शीग लावून मोजत. इंग्लंडातही तशीच शिगेची मापं होती. शीग किती उंच हे मात्र मोजणाऱ्याच्या हातात! अखेर १८३५ च्या कायद्याने शिगेचं माप बंद करून सपाट माप ठरवलं. तरीही 'मापात पाप' एका कायद्याने थोडंच संपतं?

तिसरी गोष्ट भेसळीची. पावात तुरटी, कारण त्याने पाव पांढराशुभ्र दिसतो. वापरलेल्या चहाची पत्ती वाळवून, रंगवून पुन्हा विक्रीला. मिठाईच्या रंगात शिसं आणि तांबं. १८५१ पासून डॉ. आर्थर हॅसल यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकासाठी दुकानादुकानातून नमुने विकत आणले, सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि दुकानदारांच्या नावपत्त्यांसकट निकाल छापून टाकले. मोठी खळबळ माजली.

याच काळातला ब्रॅडफर्डचा प्रसंग सांगण्यासारखा आहे. हे गाव रॉचडेलच्या पलीकडे, डोंगर ओलांडला की लागतं. तिथे बाजारात पेपरमिंटच्या गोळ्या विकल्या जात. साखर महाग, म्हणून त्यात जिप्समची पूड मिसळायची सर्रास चाल होती. १८५८ च्या ऑक्टोबरात मिठाईवाल्याने ही पूड आणायला माणूस पाठवला. औषधविक्रेता आजारी होता. त्याच्या मदतनिसाने कोपऱ्यातल्या पिंपातून बारा पौंड पांढरी पूड काढून दिली. ती निघाली आर्सेनिक, म्हणजे सोमल. त्याच्या गोळ्या ३० ऑक्टोबरला शनिवारच्या बाजारात विकल्या गेल्या. वीस माणसं दगावली, त्यात लहान मुलं होती, आणि दोनशेच्या वर आजारी पडली. पोलिसांनी गावभर दवंडी फिरवून लोकांना सावध केलं, म्हणून आणखी अनर्थ टळला. खटला झाला, शिक्षा कोणालाच झाली नाही. पण भेसळीविरुद्धचा १८६० चा कायदा आणि औषधविक्रीवरचा १८६८ चा कायदा यांच्या मागे ही घटना होती.

दवंडीचा उल्लेख आला म्हणून थोडं नोटिशींबद्दल. त्या काळी गावात बातमी पोचवायची तर घंटा वाजवत फिरणारा दवंडीवाला, भिंतीवर चिकटवलेलं पत्रक, नाहीतर प्रार्थनेनंतरची तोंडी सूचना. वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची तर प्रत्येक जाहिरातीवर सरकारचा दीड शिलिंग कर, मग ती गिरणीच्या लिलावाची असो की हरवलेल्या कुत्र्याची. शिवाय वर्तमानपत्राच्या प्रत्येक प्रतीवर एक पेनीचा स्टँप. जाहिरातीवरचा कर १८५३ साली गेला, स्टँपची सक्ती १८५५ साली गेली आणि गावोगावी स्थानिक पत्रं निघाली. 'रॉचडेल ऑब्झर्व्हर' हे पत्र १८५६ चं. म्हणजे त्याआधी गरीब माणसाला चार लोकांना काही कळवायचं असेल, तर त्यासाठीही पैसे मोजावे लागत. आज आपण व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसाला चाळीस निरोप टाकतो आणि नोटीस बोर्डावरचा एक कागद वाचत नाही. असो.

तर अशा गावात काही विणकर आणि इतर कारागीर एकत्र आले. १८४४ साली १५ ऑगस्टला त्यांनी संस्था स्थापन केली. (तारीख वाचून आपल्याला गंमत वाटेल, पण योगायोगच!) नाव ठेवलं रॉचडेल सोसायटी ऑफ इक्विटेबल पायोनियर्स. सभासद अठ्ठावीस, भाग एक पौंडाचा. तो एकदम कोण देणार? म्हणून आठवड्याला दोन पेन्स, पुढे तीन पेन्स गोळा केले. एका पौंडात २४० पेन्स, म्हणजे दोन पेन्सने एक भाग पुरा व्हायला १२० आठवडे! थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते हेच. त्यातले काही आधीच्या फसलेल्या संपात आणि बुडालेल्या दुकानांत होरपळलेले होते. तरी पुन्हा उभे राहिले, याचं मला विशेष वाटतं.

अठ्ठावीस पौंडांचं भांडवल जमलं. टोड लेन नावाच्या गल्लीत (शब्दशः पाहिलं तर बेडूकगल्ली!) एका जुन्या गोदामाचा तळमजला वर्षाला दहा पौंड भाड्याने घेतला. २१ डिसेंबर १८४४, शनिवारची संध्याकाळ. वर्षातला सगळ्यात लहान दिवस, बाहेर अंधार. दुकानात माल किती? २८ पौंड लोणी, ५६ पौंड साखर, सहा हंड्रेडवेट म्हणजे सुमारे तीनशे किलो गव्हाचं पीठ, एक पोतं ओटचं पीठ आणि चरबीच्या काही मेणबत्त्या. सगळ्याची किंमत १६ पौंड ११ शिलिंग ११ पेन्स. बाहेर गिरणीतली पोरं टिंगल करायला जमली होती. सुरुवातीला दुकान सोमवारी संध्याकाळी दोन तास आणि शनिवारी संध्याकाळी पाच तास एवढंच उघडं राही, कारण चालवणारे दिवसभर आपापल्या कामावर असत. चहा आणि तंबाखू विकण्याचा परवाना मार्च १८४५ मध्ये घेतला.

आता बँकेच्या माणसाला यात काय दिसतं ते सांगतो. त्यांचे नियम असे होते. माल शुद्ध, वजन पुरं. भाव बाजाराचा. व्यवहार रोख, उधारी अजिबात नाही. आपल्याकडे दुकानात 'आज रोख उद्या उधार' अशी पाटी असते आणि तिच्याखालीच उधारीची वही उघडी असते. यांनी मात्र ती पाटी खरी केली. भांडवलावर व्याज ठरावीकच. उरलेला नफा ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात परत. समजा, पौंडामागे एक शिलिंग वाटप ठरलं आणि एखाद्या बाईने तिमाहीत सहा पौंडांचा बाजार केला, तर तिच्या खात्यावर सहा शिलिंग जमा. जेवता जेवता बचत!

बाईच्या खात्यावर म्हटलं ते मुद्दाम. या संस्थेत स्त्रियांना सभासद होता येत असे आणि मतही होतं. त्या काळच्या इंग्लंडात लग्न झालेल्या बाईची कमाई कायद्याने नवऱ्याची होती. हा कायदा १८७० पासून पुढे टप्प्याटप्प्याने बदलला आणि पार्लमेंटच्या निवडणुकीत स्त्रियांना पहिल्यांदा मत मिळालं ते १९१८ साली. आणि सगळ्यात मोठा नियम : एक सभासद, एक मत. भाग एक असो की पन्नास.

गावाचा विश्वास मात्र लगेच बसला नाही. १८४८ अखेर सभासद होते १४० च्या आसपास. १८४९ मध्ये ते ३९० झाले, १८५० मध्ये ६००. एका वर्षात असं काय घडलं? घडलं ते गावच्या बचत बँकेत. बँकेचा मुख्य अधिकारी जॉर्ज हॉवर्थ हा गावातला प्रतिष्ठित गृहस्थ. तो १८४९ साली वारला आणि मग पासबुकं आणि बँकेच्या वह्या यांचा मेळ बसेना. सत्तर हजार पौंडांहून अधिक रकमेचा घोटाळा निघाला. मोलकरणी, मजूर, विणकर यांनी पै पै करून ठेवलेला पैसा. अशा बँका इतरत्रही बुडाल्या आणि अखेर १८६१ साली ब्रिटन सरकारने पोस्टाची बचत बँक काढली. आपल्याकडे ती १८८२ साली आली.

लोकांनी टोड लेनकडे मोर्चा वळवला तो दोन पैसे जास्त मिळतील म्हणून नव्हे, असं मला वाटतं. तिथे दर तिमाहीला सभा होई आणि हिशेब सभासदांसमोर मांडला जाई. जमाखर्चाचा कागद ज्याला दिसतो त्याला झोप लागते. नोकरीतल्या छत्तीस वर्षांत मी हेच पाहिलं. माणूस कितीही भला असो, त्याच्या भलेपणावर विसंबून तपासणी बंद करायची नसते. तपासणी हा अविश्वास नाही, उलट भल्या माणसाला तिचाच आधार असतो.

संस्थेने दुकानाच्या वर वाचनालय काढलं आणि पुढे नफ्यातला अडीच टक्के भाग शिक्षणासाठी ठरवून टाकला. नियमांचा तक्ता आपल्या वार्षिक पंचांगात छापला. घरोघरी भिंतीवर लागणारी ही नोटीसच म्हणायची.

पण गोष्टीचा शेवट सगळा गोड नाही, आणि तो भाग मला आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा वाटतो. याच मंडळींच्या पुढाकाराने १८५४ साली एक सहकारी गिरणी सुरू झाली. नफ्यातला वाटा भांडवलाबरोबर तिथल्या कामगारांनाही द्यायचा, हे तिचं ब्रीद. गिरणी चांगली चालली आणि चांगली चालली म्हणूनच नवे भागधारक आले. त्यांना वाटा हवा होता, ब्रीदाशी देणंघेणं नव्हतं. १८६२ साली त्यांनी बहुमताने कामगारांचा वाटा रद्द केला. कोणी चोरी केली नाही, कोणी नियम मोडला नाही. रीतसर नोटीस, रीतसर सभा, रीतसर मतदान.

रॉचडेलचं बी आपल्याकडे पोचायला साठ वर्षं लागली. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ चा. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण सोसायटी उभी राहिली आणि पुढे महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आला, ज्याखाली आपली नोंदणी आहे. आपली वार्षिक सभा, ताळेबंद, हिशेब तपासनीस, एक सभासद एक मत, हे सगळं एका अंधाऱ्या संध्याकाळी मेणबत्तीच्या उजेडात सुरू झालेल्या दुकानाच्या घराण्यातलं आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी पाण्याचा टँकर यायचा, तेव्हा आपली सभा जिन्यात उभ्याने व्हायची आणि कोरम कधी कमी पडला नाही. आता सभागृह आहे, पंखे आहेत, सभेनंतर नाश्ता आहे, तरी दरवर्षी कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब होते. मूळ सभासदांतले काही गेले, काहींनी घरं विकली, काहींची मुलं परदेशात आहेत. नवी कुटुंबं आली आहेत, त्यांचं मनापासून स्वागतच आहे. येत्या एक-दोन वर्षांत पुनर्विकासाचा विषय सभेपुढे येणार हे आपण सगळेच जाणतो. तेव्हा चौरस फूट आणि कॉर्पस फंड यांचे आकडे सगळे तोंडपाठ करतील. तळमजल्यावर एकटं राहणारं कोणी, पेन्शनवर चालणारं घर, बांधकामाच्या काळात भाड्याने कुठे जायचं या चिंतेत असलेलं म्हातारं जोडपं यांचा वाटा कोणत्या ठरावात लिहिलेला असेल? तो लिहून घ्यायचा तर सभेला यावं लागेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. लिफ्टची वाट बघता बघता नोटीस बोर्ड वाचत जा. ताळेबंद आला की शेवटच्या पानापर्यंत जा, समजलं नाही तर खजिनदारांना विचारा, मला विचारा. संध्याकाळी पाच ते सात मी घरीच असतो, चहाही मिळेल. आणि सभेला वेळेवर या.

सोसायटीच्या सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत आपल्या नातवंडांपैकी कोणीतरी आपला हिशेब मांडेल. तो नीट जुळलेला सापडावा, एवढीच इच्छा.