मुकी घरफोडी

घरफोडीच्या एखाद्या बोलपटाला इतिहासांत स्थान असावें, ही कल्पना प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. परंतु १९५५ सालीं पॅरिस येथें निघालेल्या ‘रिफिफी’ या फ्रेंच बोलपटाची हकीकत तशीच आहे.

त्याचा दिग्दर्शक ज्यूल्स डासिन हा मूळचा अमेरिकन. तरुणपणीं तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता. १९३९ सालीं त्यानें पक्ष सोडला. पुढें अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या चौकशी-समितीनें हॉलिवुडमधील कम्युनिस्टांचा शोध आरंभिला. १९५१ सालीं एडवर्ड डमिट्रिक या दिग्दर्शकानें समितीपुढें साक्ष देतांना डासिनचें नांव घेतलें. हाच डमिट्रिक पूर्वीं त्याच समितीला उत्तरें देण्याचें नाकारून तुरुंगांत गेला होता! नांव उच्चारलें गेलें, आणि डासिनला अमेरिकेंत काम मिळेनासें झालें. तो फ्रान्सला गेला, पण बहिष्काराची छाया तेथेंहि पाठीशीं होतीच. कांहीं वर्षांच्या बेकारीनंतर ओगुस्त ल ब्रतों याच्या कादंबरीवर बोलपट काढण्याचें काम त्याच्याकडे आलें. कादंबरी त्याला रुचली नाहीं; पण पोटापुढें निवड कसली?

भांडवल अवघें सुमारें २,००,००० डॉलर. नामांकित नट परवडण्यासारखे नव्हते. ठरलेला एक नट न आल्यामुळें सेझार नामक तिजोरीफोड्याची भूमिका डासिननें टोपणनांवानें स्वतःच केली.

नुकताच तुरुंगांतून सुटलेला, खोकल्यानें जर्जर झालेला टोनी तीन सोबत्यांसह एका जवाहिऱ्याची पेढी फोडतो. वरच्या मजल्याच्या जमिनीला भोंक पाडून ते मिटलेली छत्री खालीं सोडतात, मग ती उघडून पडणारा चुरा तींत झेलतात. धोक्याची घंटा आग विझविण्याच्या फेसानें मुकी करतात. सुमारें अर्धा तास चालणाऱ्या या प्रसंगांत ना संभाषण, ना संगीत. संगीतकार जॉर्ज ओरिक याचा प्रथम संगीताविषयीं आग्रह होता. परंतु दोन्ही प्रकारें प्रसंग पाहिल्यावर त्यानें तें वगळण्यास संमति दिली.

जवाहीर हातीं येतें, पण मौन टिकत नाहीं. सेझार एका गायिकेला अंगठी देतो. त्यावरून प्रतिपक्षी टोळीला सुगावा लागतो, आणि जिवाच्या भयानें तो सोबत्याचें नांव सांगतो. तो सोबती व त्याची बायको मारलीं जातात. सेझार टोनीपुढें आपला अपराध कबूल करतो. त्याच्यावर लोभ असूनहि टोनी त्याला गोळी घालतो. हा प्रसंग रचतांना मित्रांचीं नांवें सांगणारे आपले व्यवसायबंधु मनांत होते, असें डासिननें पुढें मुलाखतींत सांगितलें. तथापि सेझारला त्यानें नीच रंगविलें नाहीं. तो भ्यालेला आहे आणि त्याला लाज वाटते आहे. ज्या दुबळेपणानें डासिनचें आयुष्य उधळलें, त्याला त्यानें स्वतःचाच चेहरा दिला.

१९५५ सालीं कान येथील महोत्सवांत उत्कृष्ट दिग्दर्शनाचें पारितोषिक त्याला दुसऱ्या एका दिग्दर्शकासह विभागून मिळालें. बोलपट अमेरिकेंत दाखवावयाचा तर गतायुष्याचा धिक्कार करावा, अशी अट त्याला घालण्यांत आली. त्यानें ती मानली नाहीं. १९५६ सालीं बोलपट तेथें लागला, तो त्याच्या नांवासह.