निकालाला आव्हान आणि सीमाभागाचे मत

प्रत्येक मतमोजणीनंतर बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण आणि आळंद परिसरातील गावांच्या पारावर एकच वाक्य ऐकू येते : ‘निकालाला कोर्टात आव्हान देऊ.’ त्यामागे पराभवाचा संताप असतो, क्वचित खरा अन्यायही असतो. परंतु या वाटेचा इतिहास आम्हा सीमावासीयांना सहसा कोणी सांगत नाही. त्यातील एक धागा थेट आमच्या भाषेशी जोडलेला असल्याने तो येथे मांडत आहोत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपुष्टात आले. बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, काही भाग आंध्रकडे गेला आणि उर्वरित बीदर गुलबर्ग्यासह म्हैसूर राज्यात आले. १९५२ साली हैदराबाद विधानसभेसाठी मत देणाऱ्या शेतकऱ्याने १९५७ साली त्याच गावात म्हैसूर विधानसभेसाठी मत दिले. राज्य बदलले, सरकारी कागदाची भाषा बदलली. मत तेवढे त्याच्या हाती राहिले. संख्येने अल्प असलेल्या भाषकांजवळ याहून मोठे साधन नसते. म्हणूनच निवडणुकीची शुचिता हा आमच्यासाठी केवळ पक्षांचा प्रश्न नाही.

निवडणुकीची प्रक्रिया चालू असताना न्यायालयांनी तीत हस्तक्षेप करू नये, हे संविधानाच्या अनुच्छेद ३२९(ख) चे तत्त्व. उमेदवारी अर्ज चुकीने फेटाळला गेला, तरी दाद निवडणूक संपल्यावर याचिकेनेच मागावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५२ सालीच पोन्नुस्वामी खटल्यात ठरवले. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार निकालापासून ४५ दिवसांत याचिका दाखल करावी लागते. प्रारंभी अशा याचिका निवडणूक न्यायाधिकरणांपुढे चालत. १९६६ च्या दुरुस्तीने त्या उच्च न्यायालयाकडे आल्या. कलबुर्गीत २००८ साली उच्च न्यायालयाचे फिरते पीठ सुरू होईपर्यंत बीदरच्या माणसाला उच्च न्यायालयासाठी जवळपास ७०० किलोमीटर दूरच्या बंगळूरची वाट धरावी लागे.

आता भाषेचा धागा. या कायद्याच्या कलम १२३(३) नुसार धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे मत मागणे हे ‘भ्रष्ट आचरण’ ठरते आणि त्यापायी निवडून आलेल्याची जागा जाऊ शकते. मग ‘मराठी शाळा टिकवू’ असे म्हणणारा उमेदवार दोषी ठरतो काय? या प्रश्नाचे उत्तर पंजाबातून आले. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत झज्जरमधून जगदेवसिंह सिद्धांती निवडून आले. हिंदीच्या रक्षणाचा प्रचार केल्याचा मुद्दा पुढे करून त्यांच्या निवडीला आव्हान दिले गेले आणि पंजाब उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली तो निर्णय फिरवला. अनुच्छेद २९ ने भाषा जतन करण्याचा हक्क दिला आहे, त्यात भाषेच्या रक्षणासाठी चळवळ करण्याचा हक्कही येतो आणि मतदारांना तसे आश्वासन देणे हे भ्रष्ट आचरण नव्हे, असे न्यायालयाने म्हटले.

पुढे मुंबईतील १९९० च्या एका विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या अभिराम सिंह खटल्यात, २ जानेवारी २०१७ रोजी, सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने कलम १२३(३) चा अर्थ विस्तारला. उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या भाषेच्या नावाने केलेले आवाहनही त्यात आले. आमच्या मते १९६४ चे तत्त्व यानंतरही शाबूत आहे; पण रेषा बारीक झाली आहे. ‘मराठी शाळेला शिक्षक मिळवून देऊ’ हे आश्वासन आहे; ‘तू मराठी, म्हणून मत मला’ हे आवाहन आहे. व्यासपीठावर बोलणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हा भेद पाठ करावा.

आमच्याच भूमीतला एक खटला वकिलांच्या तोंडी आजही असतो. गुलबर्गा मतदारसंघातील १९८९ च्या निवडणुकीवरून कमरुल इस्लाम विरुद्ध एस. के. कांता हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वर्तमानपत्रातील बातमी हा स्वतः पुरावा नव्हे, मजकूर साक्षीने सिद्ध करावा लागतो, हा नियम त्यात ठामपणे मांडला गेला. निकाल लागला १९९४ साली. त्याच वर्षाअखेर विधानसभेची पुढची निवडणूकही आली. सहा महिन्यांत याचिका निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अनेकदा न्याय येतो तेव्हा ज्या जागेसाठी भांडण होते तिची मुदतच संपत आलेली असते.

लोकशाहीविषयीचे आमचे भय येथे आहे आणि आळंदने ते वाढवले आहे. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी या मतदारसंघात नावे वगळण्यासाठी ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. पडताळणीत त्यांपैकी केवळ २४ योग्य आढळले. ५,९९४ फेटाळले गेले आणि गुन्हा नोंदवला गेला. हे अर्ज कोणी केले, याचा निर्णय न्यायालयातच व्हावा. परंतु पडताळणी झाली नसती, तर? मतदारयादीतील नोंदींची फेरतपासणी निवडणूक याचिकेत सहसा होत नाही. ज्याचे नाव गेले, त्याचे त्या निवडणुकीतले मत गेलेच.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. प्रारूप यादी प्रसिद्ध होताच गावातील दोन माणसांनी बसून ती घरनिहाय वाचावी. यादी कन्नडमध्ये असेल, तर लिपी जाणणारा एखादा तरुण सोबत घ्यावा. नाव वगळण्याची नोटीस आली, तर मुदतीत लेखी उत्तर देऊन पोच घ्यावी. मतमोजणीनंतर कोर्टाची पायरी चढण्याचा हक्क आहेच. पण त्या पायरीवर उभे राहताना हातात बातमीचे कात्रण नव्हे, ही पोच असावी.