वस्तूंची साक्ष : एका स्क्वाड्रनचा इतिहास

इतिहासाची साधने शिकवताना आपण लिखित साधने आणि भौतिक साधने असे भेद सांगतो. भौतिक साधनांत नाणी, भांडी, किल्ले यांची नावे येतात. विमानाचे नाव सहसा येत नाही. खरे तर विमान हेही तसेच साधन आहे. मात्र ते वाचावे कसे, हे ठाऊक हवे.

दिल्लीत पालम येथे भारतीय हवाईदलाचे संग्रहालय १९६७ मध्ये सुरू झाले. तेथील तीन प्रकारची विमाने घेऊन आपण एका स्क्वाड्रनचा, म्हणजे विमानदलाच्या एका तुकडीचा, इतिहास वाचून पाहू. ही स्क्वाड्रन क्रमांक १ ची. आपल्या हवाईदलातील पहिली.

पहिले विमान वापिती. हे दुपंखी असून वैमानिकाची बैठक उघडी आहे. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे या तुकडीची सुरुवात झाली, तेव्हा अशी चार विमाने, सहा अधिकारी आणि १९ हवाई सिपाही एवढेच तिचे बळ होते. त्या अधिकाऱ्यांपैकी सुब्रतो मुखर्जी १९५४ मध्ये हवाईदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. वापिती पहिल्यांदा उडाले १९२७ साली. त्याची रचना करताना ब्रिटिश हवाई खात्याची एक अट होती : पहिल्या महायुद्धातील डी. एच. ९ ए या विमानाचे साठ्यात पडून असलेले भाग शक्य तितके वापरावेत. वेग ताशी जेमतेम २१५ किलोमीटर. यावरून काय कळते? समोरच्याकडे विमाने नाहीत, अशा ठिकाणी कमी खर्चात वापरायचे हे यंत्र होते. तुकडीची पहिली लढाऊ कामगिरी १९३७ मध्ये वायव्य सरहद्दीवर मिरानशाहहून झाली, ती या अनुमानाशी जुळते. साम्राज्याचे धोरण असे विमानाच्या सांगाड्यात वाचता येते.

दुसरे विमान लायसँडर. याचे पंख वैमानिकाच्या डोक्यावर असल्यामुळे खालची जमीन स्पष्ट दिसते. पंखाच्या पुढच्या कडेला पट्ट्या आहेत. वेग कमी झाला की हवेच्या दाबातील फरकामुळे त्या आपोआप पुढे सरकतात. मध्ये पडलेल्या फटीतून जाणारी हवा पंखावरचा प्रवाह सुटू देत नाही, म्हणून विमान अगदी सावकाश उडू शकते व छोट्या मैदानात उतरू शकते. हे टेहळणीचे विमान. नोव्हेंबर १९४१ मध्ये पेशावर येथे या स्क्वाड्रनला अशी बारा विमाने मिळाली, ती ‘बॉम्बे वॉर गिफ्ट्स फंड’ या मुंबईच्या निधीतून. पुढच्याच वर्षी के. के. मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली तुकडी ब्रह्मदेशात गेली. चाकांच्या आवरणांना जोडलेल्या आखूड पंखांवर अडीचशे पौंडी, म्हणजे सुमारे ११३ किलोचे, दोन बाँब लटकवून तिने जपानी तळांवर हल्ले केले.

येथे मात्र सावध व्हायला हवे. पालमचे लायसँडर ब्रह्मदेशात गेलेलेच नाही! १९६०च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाला एक लिबरेटर विमान देऊन त्याच्या बदल्यात ते मिळवलेले आहे. त्या घराण्याचे, पण प्रत्यक्ष साक्षीदार नव्हे. पट्टी कशी चालते हे ते सांगेल. टांगूच्या धावपट्टीवर काय घडले हे सांगणार नाही. म्हणून कोणत्याही वस्तूला पहिला प्रश्न विचारावा : तू स्वतः तेथे होतीस काय?

यानंतर येते ती रिकामी जागा. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जनसिंग यांच्या हाताखाली हरिकेन विमानांनिशी लढलेली ही तुकडी १९४७ नंतर भारतात दिसत नाही. फाळणीत तिची सामग्री पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि क्रमांक तेवढा रिकामा राहिला. १९५३ मध्ये १५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला तो देण्यात आला. विमाने वेगळी, माणसे वेगळी. तरी स्क्वाड्रन तीच म्हणायची काय? संग्रहालयातील रांगेत हा खंड दिसत नाही, कारण विमाने एकापुढे एक सलग उभी असतात. नसलेली वस्तू कागदपत्रांतच शोधावी लागते.

तिसरे विमान फ्रेंच बनावटीचे मिस्टेर, मागे झुकलेल्या पंखांचे जेट. ७ सप्टेंबर १९६५ रोजी या स्क्वाड्रनच्या मिस्टेर विमानांनी पाकिस्तानातील सरगोधा तळावर हल्ला केला. स्क्वाड्रन लीडर ए. बी. देवय्या हे राखीव वैमानिक होते. ऐनवेळी जागा झाल्याने ते निघाले आणि परतले नाहीत. आपल्या नोंदीत ते बेपत्ता ठरले. १९७९ मध्ये जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाचे पाकिस्तानी हवाईदलाच्या कामगिरीवरील पुस्तक आले. त्यात एका मिस्टेरने आपल्याहून कितीतरी वेगवान स्टारफायटर पाडल्याची हकिकत होती. तपास झाला; ते मिस्टेर देवय्यांचेच होते. १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. तेवीस वर्षे एका माणसाचे शौर्य आपल्या इतिहासात नव्हते, आणि ते सापडले ते समोरच्या बाजूच्या हकिकतीतून. पालमचे मिस्टेर आपल्याला वेगातील तफावत समजावून देते, पण देवय्यांचे नाव सांगू शकत नाही.

वस्तू काय शक्य होते ते सांगते, कागद काय घडले ते सांगतो. दोघांची उलटतपासणी घेतो तो इतिहासकार. आपल्या शाळेतील जुनी घंटा, तराजू किंवा सूक्ष्मदर्शक वर्गात मांडून मुलांना हीच उलटतपासणी करू द्यावी. ही वस्तू कशासाठी बनली? ती मुळात येथलीच काय? तिच्याशेजारची कोणती वस्तू आज नाही? तिच्याबद्दल दुसरे कोण बोलते? उत्तरे अपुरी आली तरी चालतील; प्रश्न विचारण्याची सवय लागणे महत्त्वाचे.