तारापूरचा तट आणि माळ्यावरचे रुमाल

१/ जानेवारी १७३९. चिमाजीअप्पांच्या फौजेने तारापूरच्या पोर्तुगीज किल्ल्याला वेढा घातला होता. तटाखाली सुरुंग पेरले गेले, तटाला खिंडार पडले आणि मराठे आत घुसले. या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून ठार झाले. बोईसरहून तारापूरला जाणाऱ्याला तट आजही दिसतो. पण ही हकिगत तो तट सांगत नाही. ती कळली कागदांतून.

२/ मराठ्यांच्या राज्याचे कागद दोन ठिकाणी होते. पेशवे दफ्तर इंग्रज सरकारच्या ताब्यात होते आणि अभ्यासकांना ते सहजासहजी खुले नव्हते. उरलेले कागद सरदार, कारकून, कुलकर्णी यांच्या वाड्यांत, माळ्यावर, रुमालांत बांधून पडले होते. वाळवी, उंदीर आणि पावसाची गळती यांनी ते दरवर्षी थोडे थोडे नाहीसे होत होते.

३/ हे रुमाल शोधण्यासाठी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (जन्म १८६३) यांनी गावोगाव पायपीट केली. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे होती. पुढे या मालेचे एकूण २२ खंड झाले.

४/ कागद सापडणे एक, ते हाती येणे दुसरे. जुने दफ्तर उघडले तर इनाम-वतनाचा तंटा उभा राहील, ही धास्ती घराघरांत होती. अनोळखी माणसाला रुमाल सोडून दाखवायला घरमालक राजी नसत. मिळालेली पत्रे मोडीत. त्यांवर पुष्कळदा तिथी असे, पण साल नसे. म्हणजे वाट तुडवून झाली की खरे काम सुरू होई.

५/ एकट्याच्या भटकंतीला इथे मर्यादा पडते. एका माणसाने किती गावे पालथी घालावीत? त्याने लावलेले वाचन चुकले, तर ते कोणी तपासावे? आणि त्याच्यामागे त्याच्या संग्रहाचे काय? या प्रश्नांना संस्था हेच उत्तर होते. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले.

६/ मंडळाची रीत साधी होती. पाक्षिक सभा भरे. ज्याला जे सापडले असेल, मग ते पत्र असो, ताम्रपट असो वा नाणे, ते त्याने सभेपुढे मांडायचे. इतरांनी शंका घ्यायच्या. मग ते वार्षिक इतिवृत्तात छापायचे. त्यामुळे शोध हा शोधणाऱ्याचा खाजगी ठेवा न राहता सर्वांना पडताळता येऊ लागला.

७/ मतभेदही झाले. राजवाडे स्वतःच मंडळापासून दूर गेले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. पुण्याचे मंडळ संस्थापकावाचूनही चालत राहिले. आज त्याच्या संग्रहात सुमारे १५ लाख कागद आहेत.

८/ राजवाड्यांच्या अखेरच्या वर्षांतील एक काम थेट उत्तर कोकणाचे आहे. १९२४ साली त्यांनी ‘महिकावतीची बखर’ संपादून छापली. तिचा एक भाग शके १३७०, म्हणजे इ.स. १४४८ च्या सुमाराचा. महिकावती म्हणजे पालघरजवळचे केळवे-माहीम की मुंबईचे माहीम, हा वाद अभ्यासकांत आहे. पण बखर छापली गेली, म्हणूनच तो घालता येतो.

९/ पेशवे दफ्तराचे दारही पुढे उघडले. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासून त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. वसईच्या मोहिमेची पत्रे त्यांत आहेत.

१०/ आज पालघर परिसरात अशेरी, काळदुर्ग, शिरगाव, तारापूर येथे तरुणांच्या टोळ्या हिंडतात. त्या वाटांवरच्या गावांत अजूनही एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर न उघडलेला रुमाल असू शकतो. बुरूज पुढच्या वर्षीही तिथेच असेल. त्या रुमालाला मात्र एकेक पावसाळा भारी पडतो आहे.